तीस गुणांचा पेपर

ज्ञानदासमोर कुणी 'म्हातारा' म्हटलं की तिची मान लगेच वर व्हायची. 'ज्येष्ठ' म्हणा, असं ती सुनवायचीच, मग समोर कॉलेजचा शिपाई असो नाहीतर कुलगुरू. आता पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना 'अहो ज्येष्ठ' अशी हाक मारून बघा, ते मागे वळून बघतील आणखी कोण आलंय म्हणून. पण हे ज्ञानदाबाईंना सांगणार कोण? सांगलीच्या कॉलेजात बत्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेली बाई, म्हातारपण या एका विषयावर तीन पुस्तकं लिहिलेली. माणूस एकटा पडला की त्याच्या झोपेचं काय होतं, मुलं परगावी गेली की भूक कशी मरते, आठवण कुठून झिजायला लागते, सगळं तिला तोंडपाठ. तिचा दबदबाच होता तसा.

तिचं नाव झालं ते मात्र एका चाचणीमुळे. बाहेरून आलेल्या चाचण्या आपल्याकडच्या माणसांना लागू पडत नाहीत, हे तिला पीएचडी करतानाच उमगलं होतं. कडेगावातल्या एका आजींना तिने शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, तर आजी म्हणाल्या होत्या, का गं बाई, मी काय दुकान घातलंय व्हय. म्हसवडच्या एका आजोबांना घड्याळाचं चित्र काढा म्हटलं, तर त्यांनी जन्मात पेन्सिल धरलेली नव्हती. अशा धडधाकट माणसांना डॉक्टर लोक विस्मरणाच्या आजाराचा शिक्का मारून मोकळे व्हायचे. म्हणून ज्ञानदाने स्वतःची चाचणी केली, तीस गुणांची. सध्या कोणता मराठी महिना चालू आहे, सांगा. गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? विळा, गूळ, कासरा, चांदणी, उंबरा हे पाच शब्द ऐका आणि जरा वेळाने परत सांगा. बाजाराला गेलेल्या एका बाईची चार ओळींची गोष्ट ऐका आणि तुमच्या शब्दांत सांगा. असं सगळं. आज फलटणपासून जतपर्यंत कितीतरी दवाखान्यांत ही चाचणी वापरतात.

ही चाचणी तयार होताना तिच्या बरोबरीने राबले ते तिचे वडील, गंगाधरमास्तर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. साताऱ्यात त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि पेपर काढावा तर त्यांनीच अशी त्यांची ख्याती होती. लेकीच्या चाचणीतला एकेक प्रश्न त्यांनी तीन तीनदा घासून घेतला. चाचणी पहिल्यांदा कुणावर करून बघितली असेल, तर ती अण्णांवर. तेव्हा ते पंचावन्नचे होते आणि तीसपैकी तीस गुण मिळाल्यावर लहान मुलासारखे खूश झाले होते.

परीक्षा म्हणजे त्यांच्या लेखी देवपूजा. एकदा दहावीच्या पेपराला त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भाच्याला कॉपी करताना पकडलं आणि वर्गाबाहेर काढलं. बहिणीने पुढची अकरा वर्षं त्यांना भाऊबीजेला बोलावलं नाही. अण्णा दर दिवाळीला त्या दिवशी गप्प गप्प असायचे, पण चुकलो असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ज्ञानदाची आई, उमाताई, गेली आणि साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या घरात अण्णा एकटे उरले. वय एक्क्याऐंशी. मुलगा वरद बंगळुरूहून आला, तेराव्यापर्यंत राहिला, आणि जाताना बहिणीला बजावून गेला की यांना एकटं ठेवू नकोस. ज्ञानदाने लग्न केलं नव्हतं, सांगलीत विश्रामबागेत तिचा तीन खोल्यांचा फ्लॅट होता, जागेची काही अडचण नव्हती. पण अण्णांनी साफ सांगितलं की मी हे घर सोडणार नाही. सकाळी चार भिंतींच्या टेकडीपर्यंत फिरायला जातो, येताना भाजी आणतो, दुपारी पेपर वाचतो, माझं काय अडलंय? ज्ञानदालाही ते पटलं. आपल्या पुस्तकात तिने ठासून लिहिलंच होतं की ज्येष्ठांना त्यांच्या घरातून उपटू नये, आणि फसवून तर कधीच हलवू नये.

मग बापलेकीत करार झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिने सांगलीहून यायचं आणि अण्णांचा पेपर घ्यायचा, तोच तीस गुणांचा. चोवीस किंवा त्याच्या वर गुण पडले तर ते साताऱ्यात राहतील. खाली गेले तर मुकाट्याने सांगलीला यायचं. अण्णांनी हात पुढे केला, तिने हातावर हात मारला. परीक्षा म्हणजे परीक्षा, अण्णा म्हणाले.

आता यात एक गोष्ट आमच्या या विदुषीच्या ध्यानात यायला हवी होती. एकच चाचणी एकाच माणसाला दर महिन्याला दिली तर त्याला ती पाठ होते, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. या एका चुकीसाठी तिने स्वतः दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले होते. पण इथे पेपर तिचा, आणि परीक्षार्थी कोण, तर गंगाधरमास्तर. त्यांच्याबद्दल शंका घेणं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिल्या महिन्यात सत्तावीस गुण पडले. मग सव्वीस, परत सव्वीस, मग पंचवीस. पाचव्या महिन्यात चोवीस. त्या रविवारी सांगलीला परतताना एसटीत तिने वहीतले पाचही आकडे पुन्हा पुन्हा वाचले. सहाव्या महिन्यात मात्र एकदम अठ्ठावीस! तिथून पुढे अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस, असा क्रम लागला तो लागलाच. तिला हायसं वाटलं. उतरता आलेख मध्येच असा उसळी मारून वर जातो कसा, हे तिने दुसऱ्या कुणाच्या बाबतीत दहादा विचारलं असतं. वडिलांच्या बाबतीत तिने वहीत लिहिलं, नियमित फिरण्यामुळे सुधारणा.

अण्णांकडे स्वयंपाकाला राणी यायची. पलीकडच्या खेड्यातली, नवरा सैन्यात, तोंडाने फटकळ पण मनाने माया लावणारी. तिने दोनदा फोन केला. अण्णा एका सकाळी तीनदा दूध आणायला गेले, म्हणाली. एकदा ताटावरून उठून आत गेले आणि उमाताईंना हाका मारत बसले. ज्ञानदाने तिला समजावलं, साधं विसरणं वेगळं आणि आजार वेगळा, अण्णांचे गुण उत्तम आहेत, काळजी करू नकोस. राणीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्या पेपरात पास हुत असतील त्ये. पण दूध ग्यासवर ठिवून भायेर जात्यात. त्यो ग्यास काय पेपर बघत न्हाई."

ज्ञानदाला त्या बोलण्याचा रागच आला. शिकलेली असती तर अशी बोलली नसती, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की तिला स्वतःची लाज वाटायची. राणीने परत फोन केला नाही.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा कॉलेजने तिचा मोठा सत्कार ठेवला. शनिवार होता. सभागृह भरलं होतं, जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. ज्ञानदाने भाषणात एक उदाहरण सांगितलं. नाव घेतलं नाही, फक्त 'ग.' म्हणाली. वय चौऱ्याऐंशी, पत्नी गेलेली, एकटे राहतात, सलग सव्वीस महिने गुण अठ्ठावीसच्या खाली नाहीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सवयींत राहू दिलं तर माणूस असा टिकतो, ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. ती खाली उतरली, शाल खुर्चीवर ठेवली आणि फोन बघितला. राणीचे अकरा मिस्ड कॉल होते.

अण्णा सकाळी सातला घरातून गेले होते ते आले नव्हते. राणीने चार भिंती पालथ्या घातल्या, राजवाड्यावर बघितलं, मंडईत विचारलं. शेवटी दुपारी ते एसटी स्टँडवर एका कंडक्टरला दिसले. एका बाकावर ताठ बसले होते, अंगात दोन सदरे, पायात एकच चप्पल. कुठे जायचंय म्हणून कंडक्टरने विचारलं तर त्यांनी महिना सांगितला. नाव काय विचारलं तर बाजाराचा वार सांगितला. कंडक्टरने त्यांना पोलीस चौकीत नेऊन बसवलं.

ज्ञानदा भाड्याची गाडी करून निघाली. कराड कधी मागे गेलं तिला कळलं नाही. चौकीत पोचली तेव्हा उन्हं कलली होती. राणी अण्णांच्या शेजारी बसून त्यांना बिस्कीट चहात बुडवून भरवत होती. हवालदार भला माणूस होता. त्याने टेबलावरचा एक कागद पुढे केला आणि म्हणाला, मॅडम, खिशात एवढंच होतं, नाव-पत्ता शोधला पण काही अर्थ लागेना, तेवढ्यात या ताई शोधत आल्या.

बोटभर रुंदीची, घडी घातलेली चिठ्ठी होती. अक्षर मुंगीएवढं, पण रेखीव, मास्तरांचं. विळा, गूळ, कासरा, चांदणी, उंबरा. त्याखाली महिना, तिथी, बाजाराचा वार. त्याखाली बाजाराला गेलेल्या बाईची गोष्ट, शब्दन् शब्द. तीसच्या तीस गुणांची उत्तरं होती. घराचा पत्ता तेवढा नव्हता, कारण तो प्रश्न पेपरात नव्हता. खेड्यात कुणाला पत्ता लागत नाही म्हणून तो ज्ञानदानेच गाळला होता.

अण्णांना घरी आणलं, खाऊ घातलं, निजवलं. मग तिने घर धुंडाळलं. दाढीच्या सामानाच्या डब्यात, ब्रशच्या खाली, बाकीच्या पंचवीस चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर तारीख होती. कागदाला तारीख घालायची सवय, ती कशी सुटणार? पहिल्या चिठ्ठीवर फक्त पाच शब्द होते. ती सहाव्या महिन्यातली, चोवीस गुण पडले त्याच्या पुढची. म्हणजे त्या रविवारी माणूस घाबरला होता. पुढच्या चिठ्ठ्यांत मजकूर वाढत गेला होता, अक्षर बारीक होत गेलं होतं. या महिन्याच्या चिठ्ठीवर, जी स्टँडवरही त्यांच्या खिशात होती, पाठीमागेही काहीतरी लिहिलेलं होतं. ते तिने चौकीत पाहिलं नव्हतं.

'दार वाजलं की ज्ञानदा. ज्ञानदा म्हणजे मुलगी. आलीस का, गाडी मिळाली का, असं विचारायचं. उमा गेली आहे. तिला हाक मारायची नाही.'

ज्ञानदा मोरीत जाऊन रडली. नळ सोडून रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ज्या माणसाने कॉपीपायी सख्खी बहीण तोडली, त्याने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी कॉपी करायला सुरुवात केली होती. ती दर महिन्याला त्यांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून गुण देत होती. पाणी आणतो म्हणून ते मध्येच आत जायचे, तेव्हा ती मोठ्या कौतुकाने वाट बघायची. बत्तीस वर्षं शिकून काय मिळवलं मी, असं ती स्वतःशीच दोन-तीनदा बोलली.

सोमवारी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वेगळी चाचणी घेतली, त्यात अण्णांना तीसपैकी नऊ गुण पडले. डॉक्टर ज्ञानदाला ओळखत होते, तिची पुस्तकं त्यांच्या कपाटात होती, त्यामुळे त्यांना बोलायला जड गेलं. दोनेक वर्षांपूर्वी आला असतात तर औषधाने वेग थोडा कमी करता आला असता, एवढंच ते म्हणाले. दोनेक वर्षांपूर्वी तिने वहीत 'सुधारणा' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचं डोकं बरंच ताळ्यावर होतं. असं मधूनच व्हायचं. अंघोळ करून, भस्म लावून ते खुर्चीत बसले होते. ज्ञानदा त्यांच्या पायाशी बसली. चिठ्ठ्यांबद्दल बोलायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. ती एवढंच म्हणाली की अण्णा, आता सांगलीला चला माझ्याकडे.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"नापास केलंस का मला?"

"नाही अण्णा. तुमचं काही चुकलं नाही. माझा पेपरच चुकला होता."

ते विचारात पडले. कपाळाला आठी घालून, फळ्यासमोर उभे असायचे तसे. मग म्हणाले, "प्रश्न चुकीचा असला तर त्याचे गुण सगळ्यांना द्यायचे असतात. बोर्डाचा नियम आहे. अख्खा पेपर चुकला असेल तर तीसपैकी तीस. म्हणजे मी पास. मग मी इथंच राहणार."

नियम बरोबर होता, करारही बरोबर होता. राणी दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. अण्णा समाधानाने मागे टेकले. विषय संपला, अशा थाटात त्यांनी वाचायला पेपर मागितला.

तासाभराने ज्ञानदाने ते केलं, जे करू नका म्हणून ती जन्मभर लोकांना सांगत आली होती. दोन दिवस सांगलीला जाऊन येऊ, माझा सत्कार आहे, तुम्ही नाही आलात तर बरं दिसणार नाही, असं ती म्हणाली. सत्कार तर होऊन गेला होता. अण्णा एकदम उत्साहात आले. ठेवणीतला कोट काढायला लावला, बुटांना पॉलिश करायला लावलं. निघताना राणीला म्हणाले, गुरुवारी परत येतोय, दूध बंद करू नकोस. राणीने बरं म्हटलं, वाकून पाया पडली. तिने घराला कुलूप घातलं आणि किल्ली ज्ञानदाच्या हातात देताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. मी सांगत होते, असं ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर ज्ञानदाला बरं वाटलं असतं.

आता या गोष्टीला आठ महिने होऊन गेले. अण्णा सांगलीतच आहेत. ज्ञानदा निवृत्त झाली, व्याख्यानाची बोलावणी आली तरी जात नाही. त्या चाचणीबद्दल तिने एक लांब लेख लिहिला, आपली चूक कुठे झाली ते सगळं कबूल करून. लोकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ते कौतुक तिला सहन होत नाही. दिवसभर ती अण्णांचं बघते. त्यांचं खाणं, औषधं, कपडे, सगळं. दाराला तिने वरच्या बाजूला दुसरी कडी बसवून घेतली आहे, कारण एकदा ते गणपतीच्या देवळापर्यंत एकटेच गेले होते.

गेल्या आठवड्यात एका दुपारी ती त्यांच्यासाठी मऊ भात कालवून घेऊन आली. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी निमूटपणे चार घास खाल्ले. मग ताटलीवर हात आडवा धरून अदबीने म्हणाले, "अहो बाई, तुम्ही माणूस म्हणून चांगल्या आहात. वेळेवर जेवायला घालता. माझी तुमच्याबद्दल तक्रार नाही."

ज्ञानदाने त्यांच्या सदऱ्यावर सांडलेली शितं टिपली.

"पण मला माझ्या घरी जायचंय आणि तुम्ही दाराला कडी लावून ठेवता. हे बरं नव्हे. माझी मुलगी इथंच सांगलीला प्राध्यापक आहे. ज्येष्ठांवरच शिकलीय ती, पुस्तकं आहेत तिची. असं कुणाला कोंडून ठेवलेलं तिला खपायचं नाही. तिला जरा फोन लावून द्या."

ज्ञानदाने फोन हातात घेतला. नंबर कुणाचा लावायचा, तिला सुचेना. उगाच लावल्यासारखं करून तिने तो कानाला धरला. अण्णा तिच्या तोंडाकडे आशेने बघत होते.

"उचलत नाही का?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"असू दे, असू दे," ते तिचीच समजूत घालत म्हणाले. "कामात असेल. फार काम असतं हो तिला." मग त्यांनी ताटलीवरचा हात काढला आणि राहिलेला भात खायला तोंड पुढे केलं.